बदनापुरातून अमेरिकेचा प्रचार

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनमध्ये ठरत नाही, न्यूयॉर्कमध्येही ठरत नाही; तो बदनापूरच्या स्टेशन रोडवरच्या एका बियाण्याच्या दुकानात, हरभऱ्याच्या पोत्याला टेकून बसलेला एक गृहस्थ ठरवतो, अशी माझी कित्येक महिने खात्री होती. हे गृहस्थ म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्या भागात आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात, म्हणून मी त्यांना मामा म्हणतो, आणि माझं ऐकून निम्मं बदनापूरही मामाच म्हणतं. वय सत्तरीच्या पुढे, अंगात पांढराशुभ्र नेहरू शर्ट आणि खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. पूर्वी ही पेनं बियाण्याच्या पोत्यांवर खुणा करण्यासाठी होती. पुढे त्यांना अमेरिकेतले दोन पक्ष आले. लाल पेन हत्तीवाल्यांचं आणि निळं पेन गाढववाल्यांचं. तिकडच्या एका पक्षाची ओळख गाढव आहे हे कळलं तेव्हा मामा दिवसभर अस्वस्थ होते. "आपल्याकडं एकमेकाला गाढव म्हंतेत, पन सोताहून फॉर्मवर कोनी लिहून देत न्हाई," असं ते येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होते.

आता हे वेड त्यांना कसं लागलं ते सांगायला हवं, कारण त्यात संदीप आहे. संदीप म्हणजे मामांचा एकुलता एक मुलगा, माझा आतेभाऊ. बारा वर्षांपूर्वी तो कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी अमेरिकेत गेला. त्याने दुकानात बसावं अशी मामांची इच्छा होती. तो निघाला त्या दिवशी सगळं घर त्याला पोचवायला स्टेशनवर गेलं होतं आणि मामा दुकान उघडून बसले होते. स्टेशन दुकानापासून चालत पाच मिनिटांवर आहे. त्यानंतरची बारा वर्षं दर रविवारी सकाळी नऊ वाजता आत्याच्या मोबाइलवर संदीपचा फोन यायचा आणि बापलेकांचं संभाषण एकच असायचं. "बरंय ना?" "बरंय. तुमचं?" "बरंय. घे, आईशी बोल." मी स्वतः घड्याळ लावून पाहिलेलं आहे, पंधरा सेकंदांच्या वर हे कधी गेलं नाही. भांडण झालेलं नव्हतं. भांडण झालं असतं तर निदान मिटवता तरी आलं असतं. दोघांकडे बोलायला विषय नव्हता, आणि ही गोष्ट मामांना आत कुठेतरी फार लागत होती. त्यांनी ती कधी बोलून दाखवली नाही, पण रविवारी फोन आत्याच्या हातात दिल्यावर ते लगेच दुकानात निघून जात. रविवारी दुकान बंद असतं.

एका रविवारी आत्या मोबाइल घरीच ठेवून शेजारी बारशाला गेली होती आणि फोन मामांना घ्यावा लागला. दोन्हीकडचं "बरंय" संपलं. आई घरात नाही. आता काय बोलावं या घोरात मामांची नजर समोरच्या पेपरवर गेली आणि ते म्हणाले, "तुमच्याकडं निवडणूक लागली म्हनं?" त्यावर संदीप जो सुरू झाला तो बावीस मिनिटं बोलत होता. आमच्या राज्यावर सगळ्यांचा डोळा आहे, इथलं वारं कुठे वळेल सांगता येत नाही, दोन्ही उमेदवार इथेच तळ ठोकून आहेत, रोज दारावर कोणीतरी येतं. बारशाहून परत आलेल्या आत्याने मामांना इतका वेळ फोन कानाला लावलेलं पाहिलं आणि कोणीतरी गेलं असं समजून ती दारातच बसली. मामांनी फोन ठेवला, आत्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पेनसिल्वेनियात लय चुरशीची होऊन राह्यलीय." त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद आत्याने म्हणे लग्नातही पाहिला नव्हता.

त्या दिवसापासून मामांनी अमेरिका अभ्यासाला घेतली. एका बियाणे कंपनीच्या कॅलेंडरची पाठ पांढरी होती, तिच्यावर त्यांनी पेनसिल्वेनियाचा नकाशा काढला आणि तिथले सगळे जिल्हे तालुके म्हणून पाठ केले. ते सांगताना मात्र ओळखीच्या भाषेत सांगायचे. "हा वरचा तालुका म्हंजे समज आपलं हसनाबाद, सगळे शेतकरी. हा खालचा आष्टीसारखा, बाजाराचा गाव, याचं काही खरं न्हाई." एक शेतकरी तुरीवरच्या अळीचं औषध मागायला आला होता. त्याला औषध मिळालं, पण त्याआधी कोळशाच्या खाणीतल्या कामगारांचा कल गेल्या चार निवडणुकांत कसा पालटला हे ऐकून घ्यावं लागलं. तो जाताना मला बाजूला घेऊन विचारता झाला, "मामा कुठं जमीन घेऊन राह्यलेत का?" मध्येच गाढववाल्यांनी उमेदवार बदलला तेव्हा तर मामांना हर्षवायू व्हायचा बाकी होता. ऐनवेळी तिकीट कापलं जाणं हा प्रकार अमेरिकेतही होतो म्हटल्यावर तो देश त्यांना एकदम घरचा वाटायला लागला.

जनमत चाचण्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. बियाण्याचा माणूस तो. पेरणीआधी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, आठवड्याने उघडून किती उगवले ते मोजायचे, की पोत्याची परीक्षा झाली. आयुष्यभर त्यांनी हेच केलं. "ते लोक फोन करून इचारतेत. फोनवर मानूस खोटं बोलतो. दाना खोटं बोलत न्हाई," असं म्हणून त्यांनी घरातले मूग घेतले, दोन गोणपाटं घेतली, एकावर लाल आणि एकावर निळा दोरा बांधला आणि प्रत्येकात शंभर शंभर दाणे घालून ती मोरीजवळ ठेवली. शेजारच्या दुकानात टेलरचाचा आहेत, मामांचे चाळीस वर्षांचे दोस्त; त्यांना निवडणूक निरीक्षक नेमलं. चाचा दिवसातून दोनदा येऊन गोणपाटावर पाणी शिंपडायचे आणि "मामू, हत्ती में जरा जान दिख रही है" असा अहवाल द्यायचे. तिसऱ्या दिवशी चांगले मोड आलेले पाहून आत्याने दोन्ही गोणपाटं सोडली आणि अख्खे मतदार फोडणीला टाकले. मामा जेवायला बसल्यावर ताटाकडे पाहतच राहिले. लाल कोणते आणि निळे कोणते हे आता सांगणं शक्य नव्हतं. "मतमोजणी स्थगित," एवढं बोलून त्यांनी उसळ दोनदा मागून घेतली.

पण मामांची खरी ख्याती झाली ती पक्षबदलात. त्यांचा पक्ष कोणता, हे एका आठवड्यापलीकडे कोणालाच सांगता यायचं नाही. सोमवारी ते हत्तीच्या बाजूने चहाच्या हॉटेलात भाषण करत आणि पुढच्या सोमवारी त्याच बाकावर बसून गाढवाची महती गात. हॉटेलवाल्याने शेवटी त्यांना तोंडावर विचारलं, तेव्हा त्यांनी "देशहितासाठी" असं उत्तर दिलं. चाचांना याचा फार त्रास व्हायचा, कारण रविवारच्या फोनची तालीम म्हणून मामा त्यांना रोज विरुद्ध पक्षात उभं करत. बिचारे कात्री हातात धरून म्हणायचे, "कल तक तुम गधे के थे, मैं हत्ती का था. अब मैं कौन हूँ ये तो बताओ, शिलाई बाद में करता." मलाही काही कळेना. एकदा मी जालन्याहून ऑफिस सुटल्यावर त्यांच्याकडे उतरलो होतो तेव्हा खोदून विचारलं, तर त्यांनी आजूबाजूला पाहून हळूच सांगितलं, "संदीप ज्याच्याकडून ऱ्हातो, मी त्याच्या उलट ऱ्हातो. मागं एकदा आमचं एकमत झाल्तं. चार मिनिटात फोन संपला." संदीपचं वारं फिरलं की मामा लगेच दुसऱ्या तंबूत जात. मला तर पुढे पुढे असा संशय यायला लागला की तिकडून संदीपही हेच करत असावा.

या सगळ्यात मोलाचं होतं ते संदीपचं मत. राज्य अटीतटीचं, एकेका मताला किंमत, आणि त्यातलं एक मत बदनापूरच्या मुलाचं. "कोनाला टाकनार?" असं मामा दर रविवारी विचारायचे आणि "बघू अण्णा, अजून ठरलं नाही" असं संदीप म्हणायचा. म्हणजे पुढच्या रविवारी पुन्हा प्रचार. ही बातमी गावात पसरली आणि अमेरिकेची किल्ली मामांच्या घरात आहे अशी सर्वांची समजूत झाली. लोक मागण्या घेऊन येऊ लागले. एका मोसंबीवाल्याने तिकडे मोसंबी पाठवण्याची सोय बघा म्हणून सांगितलं. रोज जालन्याला जाणाऱ्या मंडळींनी तर बदनापूरला एका जादा गाडीचा थांबा मिळावा असा लेखी अर्ज दिला, आणि मामांनी तो "योग्य ठिकाणी पोचवतो" म्हणून ठेवून घेतला. प्रचाराच्या शेवटी शेवटी त्यांनी स्वतःच्या हाताने मतदाराची चिठ्ठी लिहिली, वर संदीपचं पूर्ण नाव, खाली "वेळेवर जाऊन मतदान करावे", यादीतल्या क्रमांकाची जागा रिकामी. ती माझ्याकडून फोटो काढून पाठवली. मग त्यांना शाईची चिंता लागली. "तुमच्याकडं कोनत्या बोटाला लावतेत?" संदीप म्हणाला, "शाई नसते अण्णा, कपड्यावर चिकटवायला स्टिकर देतात, मत दिलं म्हणून." मामा हादरलेच. "स्टिकर काढून मानूस दुसऱ्यांदा आला, मंग?" या एका मुद्द्यावर त्या रविवारी अर्धा तास गेला.

मतदानाच्या दिवशी आपल्याकडे संध्याकाळ झाली होती. मामांच्या मोबाइलवर संदीपचा फोटो आला. थंडीचं जाकीट, छातीवर गोल स्टिकर, चेहऱ्यावर हसू. मामांनी तो फोटो पहिल्यांदा आत्याला दाखवला, मग चाचांना, मग हॉटेलात, मग स्टेशनवर जाऊन जालन्याहून उतरणाऱ्या लोकांना. ज्या स्टेशनवर ते मुलाला पोचवायला गेले नव्हते, तिथे उभे राहून ते अनोळखी माणसांना म्हणत होते, "माझं पोरगं हे. आत्ताच मत टाकून आलं." मी त्यांच्याबरोबर होतो. तेवढ्यात माझा फोन वाजला. संदीपच होता. मी जरा लांब गेलो.

"दादा, अण्णांना सांगू नकोस," तो म्हणाला. "मला मत नाहीये. मी इथला नागरिक नाही, नुसता नोकरीवर आहे. स्टिकर ऑफिसातल्या एका बाईंकडून मागून घेतला."

"मग इतके महिने बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर ते काय म्हणाले असते? बरंय, घे आईशी बोल."

मी फलाटाकडे पाहिलं. मामा एका कॉलेजच्या मुलीला स्टिकर मोठा करून दाखवत होते. मी संदीपला शब्द दिला आणि तो पाळणं आपल्याला जड जाणार हेही मला तेव्हाच कळलं.

दुसऱ्या दिवशी मतमोजणी. मी रजा टाकून पहाटेच दुकानात हजर. मामांनी घरचा टीव्ही उचलून दुकानात आणला होता आणि नकाशावर दोन्ही पेनं उघडी ठेवली होती. दिवस ऐन हरभऱ्याच्या पेरणीचे. बियाण्याला दारात रांग लागलेली आणि मामांचं लक्ष पडद्यावर. "जॅकी देऊ का विजय?" असं हरभऱ्याच्या वाणाचं विचारायच्या जागी त्यांनी एकाला "हत्ती देऊ का गाढव?" असं विचारलं. तो गृहस्थ बुचकळ्यात पडून म्हणाला, "जे मर रोगाला टिकंल ते द्या." दुसऱ्याची बॅग अर्धवट बांधून "थांब जरा, जॉर्जिया येऊन राह्यलंय" म्हणून त्याला थांबवलं, तर तो जॉर्जिया कोणी पाहुणे असतील असं समजून टोपी नीट करून बाजूला उभा राहिला. चाचांनी त्या दिवशी मशीन बंद ठेवलं होतं. दुपारी चारच्या सुमाराला निकाल लागला. कोणता प्राणी जिंकला ते तुम्हाला ठाऊकच आहे. चाचा त्या दिवशी नेमके त्याच पक्षात होते, म्हणून त्यांनी मामांना मिठी मारली आणि सगळ्यांना चहा सांगितला. रांगेतल्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या, कशासाठी ते त्यांनाही माहीत नसावं.

सगळे गेल्यावर मामांनी टीव्ही बंद केला, पेनांना टोपणं लावली आणि पोत्याला टेकून बसून राहिले. आपला पक्ष हरला म्हणून असेल, असं मला वाटलं. मी म्हणालो, "मामा, चार वर्षांनी पुन्हा आहेच की."

"पक्षाचं न्हाई रे," ते म्हणाले. "आता रविवारी काय बोलावं त्याच्याशी, ते इचार करून राह्यलो."

एवढ्या भोळ्या माणसाला आपण फसवतोय, असं वाटून दिलेला शब्द मी मोडायलाच निघालो. "मामा, एक सांगायचं होतं. संदीपला तिथं..."

"मत न्हाई," मामा म्हणाले. "म्हाईत हाय."

"तुम्हाला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"मला तिथले सगळे तालुके पाठ हायेत, अन् मत कोनाला असतं येवढं मला म्हाईत नसंल का? तिकडचं नागरिक व्हनं काही लपून ऱ्हातं का? तुझ्या आत्यानं गावभर पेढे वाटले असते."

"मग तुम्ही का विचारत राहिलात? कोनाला टाकनार, कोनाला टाकनार?"

मामांनी मोबाइल काढला, तो फोटो उघडला आणि चष्मा वर करून पाहिला. "तो सांगत होता ना रे," ते म्हणाले. "बघू म्हनायचा, ठरलं न्हाई म्हनायचा. मी न्हाई इचारलं तर त्यानं काय सांगावं? अन् हे बघ. ह्यो स्टिकर कोनाकडून तरी मागून आनला असंल त्यानं. तिकडं परक्या मानसाला जाऊन म्हनला असंल, मला दे, माझ्या बापाला दाखवायचाय." एवढं बोलून त्यांनी फोटो माझ्याकडे धरला, जणू मी तो पाहिलेलाच नव्हता. अशा वेळी काय बोलावं ते आमच्या घराण्यात कोणालाच सुचत नाही. मी त्यांना पोती आत लावायला मदत केली आणि शेवटच्या गाडीने जालन्याला आलो.

पुढचे दोन रविवार वाईट गेले, हे मला आत्याने फोनवर सांगितलं. "बरंय ना?" "बरंय." आणि फोन तिच्या हातात. मामा बंद दुकानात जाऊन बसायला लागले होते. तिसऱ्या रविवारी मी मुद्दाम सकाळीच बदनापूरला गेलो. नऊ वाजता फोन वाजला, पण आत्याचा नव्हे, मामांचा. मामा दचकून त्याच्याकडे पाहत राहिले, मग त्यांनी तो उचलला. संदीपचा आवाज मला समोर बसून ऐकू येत होता.

"अण्णा, आमच्या गावात शाळेच्या कमिटीची निवडणूक आहे. फार रंगात आलीय."

मामा सरळ होऊन बसले. "कमिटीची? किती जन उभे हायेत?"

"दोघंच. एक बाई आहेत दातांच्या डॉक्टर, आणि एक जण गवत कापायची मशीन विकतो."

"तू कोनाकडून?"

"मी डॉक्टर बाईंकडून."

"मंग मी मशीनवाल्याकडून," मामा म्हणाले. "शाळेला दाताचा काय उपयोग? मैदान कोन साफ करनार, ते सांग आधी." आणि तिकडून संदीप मोठ्याने हसला. तो असा हसलेला मी बारा वर्षांत ऐकला नव्हता.

एवढी मोठी निवडणूक नुकतीच झालेली असताना, ऐन थंडीत, अमेरिकेतल्या एखाद्या गावात शाळेच्या कमिटीसाठी मतदान होतं की नाही, हे मला माहीत नाही. मोबाइल माझ्या हातातच होता, दोन मिनिटांत शोधता आलं असतं. मी तो खिशात ठेवून दिला. आत्या चहा घेऊन बाहेर आली, नवऱ्याकडे बघत जरा वेळ उभी राहिली आणि बारा वर्षं दर रविवारी तो फोन ज्या खुर्चीत बसून घेत आली होती त्या खुर्चीत बसली. फोन तिच्याकडे येण्याचं काही लक्षण दिसेना.

"ऱ्हाऊ दे," ती मला हळूच म्हणाली. "मी पुढच्या रविवारी बोलंल."